‘दशावतार’ आणि ‘साबर बोंडं’: समीक्षक काय म्हणाले?
सप्टेंबर 2025 मध्ये आठवड्याच्या अंतराने दोन मराठी चित्रपट आले. ‘दशावतार’ला समीक्षकांची दाद मिळाली ती मुख्यतः दिलीप प्रभावळकरांमुळे, आणि पडद्यावरच्या कोकणामुळे. उत्तरार्धात संदेश ठासून सांगितला जातो, ही तक्रार मला पटते. पण रंग चढवून प्रभावळकर उभे राहिले की ती विसरायला होते.

‘साबर बोंडं’ अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. दिग्दर्शक रोहन कानवडे पार्श्वसंगीत वापरतच नाहीत, कॅमेराही बहुतेक जागचा हलत नाही. आनंदच्या वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात त्याची आणि बालमित्र बाळ्याची जवळीक उमलत जाते. काहींना तो संथ वाटला. मला तर त्या संथपणातच त्याची खरी ताकद दिसते. एकच तिकीट काढायचं असेल, तर माझं मत ‘साबर बोंडं’ला.