पाच सप्तकांचा जुना एस्टी ऑर्गन: चर्चच्या संगीत मास्तरांच्या कामाला किती उतरतो?

गोव्यात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा आणि गावातल्या पोरांना सूर शिकवणारा माणूस पिढ्यानपिढ्या एकच असायचा: पॅरिशचा, म्हणजे गावच्या चर्चचा, मेस्त. पॅरिशच्या शाळेत आधी सोल्फेज (दो-रे-मी म्हणत सूर ओळखणं), मग व्हायोलिन, संध्याकाळी कॉयरची (गाणाऱ्यांच्या चमूची) तालीम, रविवारी मिस्सा (मुख्य उपासना), फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, आदल्या दिवशी व्हेस्पर (संध्याकाळची प्रार्थना), मधेच कुणाच्या मयताला किंवा कुणाच्या घरी लादाईनला (घरगुती गायनप्रार्थनेला) जाणं, हे सगळं एकाच माणसाच्या अंगावर. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या अशाच कॉयरमास्तरांचा मुलगा म्हणजे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२). मुंबईत ते चित्रपटसंगीतात आले आणि पुढे प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. अहिल्यानगर, पुणे, मुंबई इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही ऑर्गनवर बसणारी व्यक्ती बहुतेक वेळा तिथल्या संडे स्कूलची गाण्याची बाई किंवा मास्तरच असते. म्हणून इथे ऑर्गन जोखायचा तो या कामाच्या मापाने. दिवाणखान्यात शोभेला ठेवायचा असेल तर हे परीक्षण निरुपयोगी आहे.

परीक्षणाला घेतलंय ते अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कंपनीचं, पायाने भाता चालवायचं रीड ऑर्गन, म्हणजे पितळी जिभांवर वाजणारं. कंपनीने पाच लाखांहून जास्त रीड ऑर्गन बनवले आणि १९६० मध्ये ती बंद पडली, त्यामुळे आज मिळेल तो माल जुनाच. मॅसन अँड हॅमलिनच्या किंवा त्या धर्तीच्या इतर अमेरिकन ऑर्गनलाही खालचं जवळजवळ सगळं लागू पडतं.

आधी निकाल सांगतो. भाता आणि सूर शाबूत असतील तर शिकवणीसाठी याच्या तोडीचं वाद्य नाही. साठ-सत्तर माणसांच्या उपासनेला तो पुरतो. मोठ्या चर्चला एकटा पुरत नाही. फेस्ताच्या बँडबरोबर वाजवायचा असेल तर घेण्याआधी सूर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपली हातपेटी हवा बाहेर ढकलते, हा ऑर्गन हवा आत ओढतो. पायट्या दाबल्या की आतल्या मोठ्या भात्यातली हवा उपसली जाते, आतल्या स्प्रिंगा भाता पुन्हा उघडू पाहतात, आणि पट्टी दाबली की वरची हवा पितळी जिभांमधून आत शिरते. आवाज पेटीपेक्षा गोल आणि मवाळ येतो तो यामुळेच. पण हवेबरोबर खोलीतली धूळ, केस, मेणबत्तीची काजळीसुद्धा सुरांपर्यंत खेचली जाते. दुरुस्तीला येणाऱ्या ऑर्गनमधले पुष्कळसे मुके सूर फक्त कचऱ्यामुळे मुके असतात.

पट्ट्या ६१, खालच्या एफपासून वरच्या एफपर्यंत. सुरांचा एक संच म्हणजे ६१ जिभा, आणि साध्या ऑर्गनमध्ये असे दोन संच असतात. प्रत्येक संच मधोमध तुटलेला असतो, म्हणून डाव्या हाताचा खटका (संच उघडायला ओढायची मूठ) वेगळा आणि उजव्या हाताचा वेगळा. डायपेसन नावाचा खटका डावीकडचा, मेलोडिया उजवीकडचा. दोन्ही ओढले की नेहमीच्या उंचीचा पूर्ण संच उघडतो. व्हायोला आणि फ्लूट हे सप्तकभर वरचे. डल्सियाना म्हणजे बहुधा निराळा संच नसतो, डायपेसनचीच झडप अर्धवट उघडते. खटके अकरा दिसले म्हणून अकरा आवाज आहेत असं समजू नका. विक्रेता खटके मोजून किंमत सांगतो, तुम्ही मागचं फळकूट काढून जिभांच्या ओळी मोजा.

गुडघ्यांजवळ दोन लाकडी पाती असतात. उजवं बाहेर ढकललं की आवाजाची झापं उघडतात, डावं ढकललं की सगळे संच एकदम सुरू होतात. गीताच्या शेवटच्या कडव्याला मंडळीचा आवाज चढतो तेव्हा हात पट्टीवरून न उचलता आवाज वाढवता येतो. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर त्यासाठी वेगळं पेडल लागतं, आणि ते असलं तरी इतक्या सफाईने वाढत नाही.

शिकवणीत हा ऑर्गन खरा खुलतो. पियानोचा सूर वाजवल्या क्षणापासून विरत जातो, याचा पायट्या चालू आहेत तोवर जसाच्या तसा उभा राहतो. सोल्फेज शिकणाऱ्या मुलाला ‘मी’ आणि ‘फा’ या सुरांतलं अंतर कानात बसवायला असा स्थिर सूर लागतो. मुलाचा आवाज किंचित खाली गेला की दोन सुरांचा थरथराट लगेच ऐकू येतो, मास्तरांना बोट दाखवावं लागत नाही. याला सूर धरून ठेवणारं पेडल नाही हीसुद्धा शिकवणीत जमेची बाजू. बोट उचललं की सूर तुटतो, म्हणून पट्टी दाबलेली असतानाच तिच्यावरचं बोट बदलायला मुलं पहिल्या वर्षातच शिकतात. चार आवाजांचं गीत सलग वाजवायचं तर हे आलंच पाहिजे. एक अडचण मात्र आहे: पाय. दहा वर्षांच्या आतल्या मुलांचे पाय पायट्यांपर्यंत नीट पोचत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या मुलाला बाजूला बसवून त्याच्याकडून पायट्या मारून घेतात, आणि त्यात ताल चांगला पक्का होतो.

आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळीच्या साथीला ऑर्गन होता, त्यामुळे जुने ऑर्गन नाटकवाल्यांच्या घरीही निघतात. त्यांचे सूर बऱ्याचदा गायकाच्या आवाजाच्या पट्टीला मिळवून घेतलेले असू शकतात. चर्चसाठी घेताना हे आवर्जून विचारा.

आता तपासणी. पहिली कसोटी भात्याची. एकही पट्टी न दाबता, सगळे खटके आत ढकलून, पायट्या मारून भाता पूर्ण ओढून घ्या आणि पाय थांबवा. भाता फुगून मूळ जागी यायला अर्धा मिनिट तरी लागला पाहिजे, मिनिटभर लागला तर उत्तम. पाच-सात सेकंदांत फुगला तर रबरी कापड तडकलंय किंवा जोड सुटलेत. ते पूर्ण बदलावं लागेल. ठिगळं मारलेला भाता पुढच्या पावसाळ्यात हमखास फुटतो. कापड चिकटवायला गरम करून लावायचा सरस वापरतात, आणि दुरुस्त करणाऱ्याने तोच वापरावा असा आग्रह धरा. पांढऱ्या डिंकाने चिकटवलेला जोड पुन्हा उघडताना लाकडाचे टवके निघतात, आणि भात्याचं कापड कधी ना कधी बदलायचंच असतं.

दुसरी कसोटी: एकेक खटका ओढून ६१ पट्ट्या एकेक करून वाजवा. मुका सूर दिसला तर घाबरू नका. आकड्याने ती जीभ खाचेतून सरळ ओढून काढायची, मऊ ब्रशने झाडायची, परत सरकवायची, दोन मिनिटांचं काम. जीभ वाकवायची नाही, तेल लावायचं नाही. पण एखादा सूर शेजाऱ्यांपेक्षा एकदम अर्धा स्वर उतरलेला असेल तर ती जीभ मुळाशी चिरलेली असते, आणि चिरलेली जीभ सुधारत नाही. हातपेटीची रीड तिथे बसत नाही, मापं वेगळी. भंगारातल्या दुसऱ्या ऑर्गनची जीभ घेऊन ती मिळवून घ्यावी लागते. अशा जिभा पाच-सहापेक्षा जास्त असतील तर तो ऑर्गन सुट्या भागांसाठी घ्या, वाजवायला नको.

दाबलेली पट्टी वर येत नसेल तर आपल्या हवेत कारण जवळजवळ ठरलेलं. पट्टी आणि झडप यांच्यामध्ये एक बारीक लाकडी काडी असते. पावसाळ्यात ती फुगते आणि भोकात अडकते. काडी काढून अगदी बारीक पॉलिश पेपर एक-दोनदा फिरवायचा आणि शिसपेन्सिलीचं शिसं घासायचं. इथेही तेल नको. पट्टी न दाबताही सूर वाजत राहिला तर झडपेच्या फेल्टवर कचरा असतो किंवा कसरीने फेल्ट खाल्लेली असते.

तिसरी कसोटी सुराची उंची. ए हा सूर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं हे माप १९३९ च्या लंडन परिषदेत ठरलं, आणि यातले बहुतेक ऑर्गन त्याआधीचे आहेत. काही वर असतात, काही खाली. मोबाइलवरच्या ट्यूनरने मधला ए बघा. सगळा ऑर्गन सारखाच वर किंवा खाली असेल तर शिकवणीला आणि उपासनेला काहीच बिघडत नाही, व्हायोलिनही जुळवून घेता येतं. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट मात्र ठरावीक हद्दीपलीकडे हलत नाहीत, आणि फेस्ताच्या दिवशी त्यांच्याशीच गाठ असते. सगळा ऑर्गन ४४० वर आणणं शक्य आहे: टोकाकडे किंचित खरवडलं की सूर चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो. पण १२२ जिभा म्हणजे कित्येक दिवसांचं काम, आणि जास्त खरवडलेली जीभ लवकर चिरते.

इथे एक धोक्याची सूचना. बऱ्याच ऑर्गनमध्ये सेलेस्ट नावाचा, फक्त उजव्या हाताचा संच असतो. तो मुद्दाम किंचित बेसूर ठेवलेला असतो, मेलोडियाबरोबर ओढला की आवाज लहरतो. नवशिक्या कारागिराने तो इमानदारीने सुरात आणला की ती लहर कायमची गेली. काम देताना तोंडी सांगू नका, खटक्यावर चिठ्ठी चिकटवा.

पायट्यांच्या फटीतून उंदीर शिरतात आणि भात्याच्या कापडाचं घरटं करतात. जुन्या अमेरिकन कंपन्या उंदीर शिरणार नाहीत अशा पायट्यांची जाहिरात करायच्या, यावरून दुखणं किती जुनं ते कळावं. तशा पायट्या नसतील तर फटीवर बारीक जाळी मारून घ्या. ऑर्गन बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नका, हातभर पुढे ठेवा. जूनपासून आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि आठवड्यातून तीनदा तरी वाजवा. बंद ठेवलेला ऑर्गन वाजत्या ऑर्गनपेक्षा लवकर मरतो.

पायांचे त्रास असलेल्या ज्येष्ठ वादकांसाठी मोटर बसवता येते, पण व्हॅक्यूम क्लीनरची मोटर सरळ जोडू नये. या ऑर्गनला सुमारे तीन-चार इंच पाण्याइतकीच ओढ (नळीत पाणी तेवढंच वर चढेल इतकी) लागते. क्लीनरची ओढ त्याच्या कित्येक पट असते, तिने सूर हलतात आणि भाता फाटतो. मधे जादा ओढ सोडून देणारी झडप आणि वेग कमी करायचा रेग्युलेटर हवाच. मोटर वेगळ्या, आतून फोम लावलेल्या खोक्यात ठेवली नाही तर प्रवचनात तिचीच घरघर ऐकू येते.

लादाईनला, मयताला घेऊन जायला हा ऑर्गन नाही. तो हलवायला चार माणसं लागतात. त्या कामासाठी घडीचा ऑर्गन वेगळा मिळतो. शिकागोच्या बिलहॉर्न कंपनीचे पेटीसारखे मिटणारे ऑर्गन प्रसिद्ध होते, आणि दुसऱ्या महायुद्धात एस्टीनेही अमेरिकन सैन्यातल्या पाद्र्यांसाठी घडीचे ऑर्गन बनवले. चार सप्तकं किंवा त्याहून कमी, सूर बहुधा एकच संच, आवाज अंगणात जेमतेम पोचतो. पण एका माणसाला उचलता येतो. त्यात बिजागऱ्या आणि पायट्यांचे पट्टे आधी बघा, भाता नंतर.

किंमत वरच्या नक्षीवर, आरशावर आणि पॉलिशवर ठरते, आतल्या मालावर नाही. याचा फायदा घ्या. वरचा नक्षीचा मनोरा तुटलेला, पण भाता मिनिटभर धरणारा ऑर्गन दिसला तर तोच उचला. मनोरा आणि आरसा काढून टाकले तर वादकाला वेदी आणि कॉयर दोन्ही समोर दिसतात. सौद्याला जाताना पेचकस, विजेरी, मऊ ब्रश आणि ट्यूनर बरोबर ठेवा. मागचं फळकूट काढू न देणाऱ्याकडून ऑर्गन घेऊ नका.