मिररलेस कॅमेरा : काही महिन्यांच्या वापरानंतर

डीएसएलआर (आतल्या आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा) बाजूला ठेवून मिररलेस (आरसा नसलेला) घेतला, त्याला आता बरेच महिने झाले. एपीएस-सी सेन्सर (मध्यम आकाराचा), 24 मेगापिक्सेल, बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय), सोबत आलेली किट झूम आणि नंतर वेगळी घेतलेली 35 मिमी एफ/1.8 लेन्स (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), असा माझा संच आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या गटातल्या कॅमेऱ्यांचे गुणदोष बरेचसे सारखे आहेत. मला सांगायचंय ते एवढंच, की खरेदीच्या वेळी तुलनेच्या तक्त्यात ज्या ओळी आपण सगळ्यात आधी वाचतो, त्यांतल्या फार थोड्या पुढे कामी येतात. जे कामी येतं ते बहुतेक वेळा तक्त्याच्या तळाशी असतं, नाहीतर तिथे नसतंच.

मेगापिक्सेलचं आधी उरकते. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 × 4000 पिक्सेलचा असतो. फुजीफिल्म एक्स-टी5 मध्ये 40 मेगापिक्सेल आहेत, म्हणजे 7728 × 5152. आकडा दीडपटीच्या वर गेला, पण फोटोच्या रुंदीत पिक्सेल वाढले ते 29 टक्केच. माझ्या 24 मधून 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 20 × 13 इंचांचा प्रिंट आरामात निघतो. लांबचा पक्षी टिपून नंतर फोटो क्रॉप करायची सवय असेल तर जास्तीचे पिक्सेल खरोखर उपयोगी पडतात. बाकीच्यांच्या वाट्याला फक्त जड फाइल येते.

मला खरा फरक जाणवला तो व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या जागेत. आरशातून दिसणारं दृश्य डोळ्याला छानच वाटतं, पण फोटो कसा येणार ते त्यातून कळत नाही. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो बटण दाबायच्या आधीच दिसतो. खिडकीकडे पाठ करून कुणी बसलंय, चेहरा काळवंडलाय, हे तिथल्या तिथे समजतं. अंगठ्याखालची एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची (फोटो उजळ-गडद करायची) चकती +1 पर्यंत फिरवली की चेहरा हळूहळू उजळतो, मागची खिडकी पांढरी होत जाते, आणि कुठे थांबायचं ते मला डोळा न हलवता ठरवता येतं. आधी मी फोटो काढायचे, मागे वळवून स्क्रीन बघायचे, आकडा बदलायचे, पुन्हा काढायचे. तोवर समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव गेलेला असायचा. आता ती सगळी धावपळच संपली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पुन्हा हाच निर्णय घेईन.

इथे तक्त्यातली एक ओळ मात्र नीट वाचा. व्ह्यूफाइंडरचे आकडे 'डॉट'मध्ये देतात आणि एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट लागतात. म्हणून 23.6 लाख डॉटचा व्ह्यूफाइंडर म्हणजे फक्त 1024 × 768 पिक्सेल, आणि 36.9 लाखांचा म्हणजे 1280 × 960. हातात धरून पाहिलं तर हा फरक 24 आणि 40 मेगापिक्सेलच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो, कारण तो प्रत्येक फोटोच्या आधी डोळ्यासमोर असतो. अंधारात मात्र दोन्हींत दाणे दिसतात आणि चित्र किंचित मागे रेंगाळतं. तिथे जुना आरसाच सरस होता, हे मान्य केलं पाहिजे.

दुसरी मोठी गोष्ट फोकसची. डीएसएलआरमध्ये फोकस बघणारा सेन्सर वेगळा, आरशाच्या खालच्या बाजूला असतो. त्याचे बिंदू बहुतेक मध्यभागी गोळा झालेले, आणि लेन्स-बॉडीचं जमलं नाही तर फोकस कायम थोडा पुढे किंवा मागे पडायचा. मिररलेसमध्ये हे काम मुख्य सेन्सरवरच्या पिक्सेलकडेच आहे. कॅननने 2013 च्या 70डी मध्ये ड्युअल पिक्सेल हे सेन्सरवरून फोकस करायचं तंत्र आणलं, तेव्हा ते लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं) आणि व्हिडिओपुरतं वाटलं होतं. आज सेन्सरवरूनच होणाऱ्या या फोकसमुळे कॅमेरा फ्रेमच्या कडेला असलेला डोळाही शोधतो आणि त्याला धरून ठेवतो. 35 मिमीची लेन्स एफ/1.8 वर ठेवून एक मीटरवरून फोटो काढला तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम सहा सेंटीमीटर असते. नाक शार्प आणि डोळा मऊ, असे फोटो माझ्याकडे पूर्वी ढिगाने होते. आता ते क्वचित निघतात.

डोळा ओळखणं चुकतं ते ठरावीक ठिकाणी. चष्म्याच्या काचेवर प्रकाश चमकला की, केसांची बट आडवी आली की, आणि गर्दीत. गर्दीत कॅमेरा सगळ्यात जवळचा चेहरा पकडतो, तुम्हाला हवा तो नव्हे. अशा वेळी मागची छोटी जॉयस्टिक लागते, अंगठ्याने एक टिचकी दिली की दुसरा चेहरा निवडता येतो. माझ्या बॉडीवर ती आहे. याच गटातल्या काही कॅमेऱ्यांवर ती काढून टाकलेली असते आणि मग स्क्रीनवर बोट फिरवत बसावं लागतं. जाहिरातीत या जॉयस्टिकचा उल्लेख तुम्हाला क्वचितच सापडेल.

स्टॅबिलायझेशनबद्दल गैरसमज फार आहेत. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, पाच स्टॉप म्हणजे 32 पट, म्हणजे जिथे 1/60 सेकंद लागायचा तिथे हिशेबाने अर्धा सेकंद हातात धरून चालतो. इमारत, पुतळा, रात्रीचा रस्ता यांच्यासाठी हे वरदान आहे. पण ते आपला हात सावरतं, समोरचं माणूस नाही. पळणारं मूल अर्ध्या सेकंदात पुसट येणार ते येणारच. तिथे उपयोग जास्त प्रकाश आत घेणाऱ्या लेन्सचा. किट झूम लांबच्या टोकाला एफ/5.6 वर अडकते, एफ/1.8 ची लेन्स त्याच्या जवळजवळ साडेनऊ पट प्रकाश आत घेते. घरातल्या दिव्यात ज्या फोटोला आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) 6400 लागायचा, तो साधारण 640 वर येतो. बॉडी आणि लेन्स यांत पैसे कुठे घालायचे असा प्रश्न पडला असेल तर माझा कौल बिनदिक्कत लेन्सला.

आता शटर. 'सायलेंट' मोडचं, म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरचं, मला फार आकर्षण होतं. नाटकाच्या तालमीत, झोपलेल्या बाळाजवळ तो अप्रतिम आहे. पण बॅडमिंटनच्या हॉलमध्ये त्याच मोडमध्ये काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. खेळाडू सरळ उभी, आणि स्मॅश मारणारी रॅकेट दांड्यापासून धनुकलीसारखी वाकलेली. फोटोभर आडवे काळसर पट्टे. कारण साधं आहे. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळ-ओळ वाचत जातं. या गटात त्याला बऱ्याचदा 1/50 सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात रॅकेट पुढे गेलेली असते. यांत्रिक पडदा सुमारे 1/200 सेकंदात काम उरकतो. पट्टे येतात ते दिव्यांमुळे. 50 हर्ट्‌झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात आणि त्यांची ती थरथर ओळींमध्ये उमटते. 1/100 किंवा 1/50 वर पट्टे जातात, पण त्या वेगाला खेळ थांबत नाही. खेळासाठी यांत्रिक शटर आणि अँटी-फ्लिकर (दिव्यांची थरथर सांभाळणारी सोय) चालू, हाच मार्ग.

निकॉन झेड9 ने 2021 मध्ये यांत्रिक शटर काढूनच टाकलं, कारण त्याचा स्टॅक्ड (थरांनी रचलेला) सेन्सर तितक्या वेगाने वाचता येतो. सोनी ए9 III तर सगळ्या ओळी एकदमच वाचतो. या गटात ते तंत्र सर्रास येईपर्यंत 'सेकंदाला इतके फोटो' हा आकडा यांत्रिक शटरचा की इलेक्ट्रॉनिकचा, ते विचारून घ्यावं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

व्हिडिओ मी कमी करते. 100 एमबीपीएसला 4के चित्रण तासाला 45 जीबी खातं, त्याला व्ही30 (वेगाचा दर्जा) कार्ड पुरतं. जास्त महागडं कार्ड सलग रॉ (प्रक्रिया न केलेले) फोटो काढताना कॅमेरा अडू नये म्हणून लागतं, तेही कॅमेऱ्याची खाच यूएचएस-II (जलद कार्डांचा प्रकार) असेल तरच.

बॅटरी हा खरा तोटा. डीएसएलआरच्या तुलनेत ती निम्म्यावर येते, कारण व्ह्यूफाइंडर आणि सेन्सर सतत चालू. दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घ्यावी. यूएसबी-सी ने पॉवर बँकवर चार्ज होतं, हा मोठा दिलासा.

धूळ दुसरा तोटा. लेन्स काढली की सेन्सर उघडाच. काही बॉडी बंद केल्यावर पडदा ओढून घेतात, माझी घेत नाही. महिन्यातून एकदा एफ/16 वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढून बघते. ठिपका दिसला तर कॅमेऱ्याचं तोंड खाली करून रबरी ब्लोअरने हवा मारते. तोंडाने फुंकर कधीही नाही.

फोनवर फोटो पाठवणारं अ‍ॅप मात्र मनस्ताप आहे. ब्लूटूथ जोडलेलं दिसतं, वायफाय मध्येच तुटतं आणि रॉ फाइल जाता जात नाही. दोन अपडेट येऊनही सुधारणा शून्य. आता मी सरळ कार्ड रीडर लावते.

चष्मा लावणाऱ्यांनी कॅमेरा घेण्याआधी चष्म्यासकट व्ह्यूफाइंडरला डोळा लावून चारही कोपरे एकदम दिसतात का, ते बघाच. तक्त्यात यासाठी 'आय पॉइंट' म्हणून मिलिमीटरमध्ये आकडा असतो, जितका जास्त तितकं बरं. माझ्या चष्म्यातून खालची पट्टी कापली जाते, त्यामुळे शटर स्पीड वाचायला डोळा थोडा खाली न्यावा लागतो. तेवढ्यासाठी मी सगळे आकडे वरच्या बाजूला आणता येतात का ते मेन्यूत शोधलं. आणता येत नाहीत.