पोर्टिंगच्या नावाखाली आप्पांच्या आरएक्सचा ब्लॉक गेला

आमच्या आप्पांची यामाहा आरएक्स १००, १९९३ची. ते गेल्यावर ती मी चालती ठेवायची ठरवली. ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन खालीवर होतो तो सिलिंडर, झिजला होता; बोअर करावाच लागणार होता, म्हणजे आतलं भोक थोडं मोठं करून गुळगुळीत करायचं. मेकॅनिक म्हणाला, "करतोयच तर पोर्टिंगपण करून टाकू साहेब. डिग्री मोजून करतो, अंदाजपंचे नाही." पोर्टिंग म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वायू येण्याजाण्याच्या खिडक्या, म्हणजे पोर्ट, घासून मोठे करणं. साडेनऊ हजार घेतले. गाडीबरोबर एक छापील कागद दिला: क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) एका फेरीत एक्झॉस्ट (धूर बाहेर जातो तो पोर्ट) किती अंश उघडा, ट्रान्सफर (ताजं मिश्रण आत येतं तो) किती अंश. त्या कागदावर मी भुललो.

गाडी खालच्या आरपीएमला ओढेना. तीन आठवड्यांत गगनबावड्याच्या घाटात खडखड झाली आणि इंजिन बसलं. हेड काढलं तर पिस्टनची रिंग तुटलेली, बोअरवर नख अडकेल इतका खोल उभा ओरखडा.

ब्लॉक घेऊन उद्यमनगरातल्या एका जुन्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बोअरच्या आत कागद गुंडाळून बसवला आणि पोर्टच्या कडांवरून तेलकट बोट फिरवलं. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासल्यावर उमटतो, तसा सगळ्या पोर्टांचा ठसा उमटला. एक्झॉस्टची वरची कड चक्क तिरकी, एका बाजूला दीड मिलिमीटर वर चढलेली. या इंजिनात मिलिमीटरभर कड वर गेली की पोर्ट साडेचार-पावणेपाच अंश जास्त उघडा राहतो. रुंदी कागदावर ४४ मिलिमीटर भरली. पण कागद गोलाईवर बसलेला असतो, म्हणून काकांनी व्हर्नियरनं सरळ मापली: साडेअडतीस. ५०च्या बोअरला एक सलग खिडकी साधारण ३५च्या पुढे नेत नाहीत. रिंग बाहेर फुगते आणि कडेला अडकते. इथं तर कडांना चेम्फरही मारला नव्हता, म्हणजे धार घासून उतरती केली नव्हती.

मग त्यांनी तो छापील कागद मागितला. "अरं, हितं स्ट्रोक ५४ लिहिलाय. तुझ्या गाडीचा ५० हाय." स्ट्रोक म्हणजे पिस्टन वरून खाली किती मिलिमीटर जातो ते; ५४ म्हणजे राजदूत ३५०चा. दुसऱ्याच गाडीचा कागद माझ्या हातात दिला होता, आणि मी तो नीट वाचलाही नव्हता.

मेकॅनिक म्हणाला, "नवीन बोअरवर सुरुवातीला हळू चालवायची असते, त्या रनिंगमध्ये तुम्हीच जोरात पळवली." काम करण्याआधीची मापं माझ्याकडे नव्हती, त्यामुळे बोलायला तोंडच राहिलं नाही. ते अजून सलतं.

ब्लॉक देण्याआधी असा ठसा स्वतः घ्या, त्यावर तारीख घाला, फोटो काढा. डिग्री मोजतो म्हणणाऱ्याला समोर मोजायला सांगा: क्रँकला डिग्रीची चकती, पिस्टनला अडथळा लावून दोन्हीकडून फिरवायचं, दोन आकड्यांचा मध्य म्हणजे टीडीसी, पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. तिथून पिस्टनची कड पोर्ट उघडते कधी, झाकते कधी ते बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. टाळाटाळ केली तर ब्लॉक उचला आणि घरी या.

आता काका ब्लॉकच्या आत नवी स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, बसवतायत. मापांसाठी शेजारच्या गल्लीतल्या एका हात न लावलेल्या आरएक्सचा ठसा घेऊन आलोय.