दीक्षाभूमी की रेशीमबाग? पुस्तकांच्या पिशवीचा हिशेब

पुस्तकांसाठी हजारभर रुपये बाजूला काढले असतील आणि मोकळा दिवस एकच असेल, तर नागपूरकरापुढे दोन वाटा आहेत. दसऱ्याला दीक्षाभूमी गाठा, नाहीतर थंडी पडेपर्यंत थांबून रेशीमबागेतल्या पुस्तक महोत्सवाला जा.

महोत्सव तसा नवा. नॅशनल बुक ट्रस्टने २०२५च्या नोव्हेंबरात रेशीमबाग मैदानावर तो भरवला. मांडव, ओळीने दालनं, व्यासपीठावर लेखकांच्या गप्पा. मूल सोबत असेल तर मी इथलंच नाव घेईन. ट्रस्टची चित्रांची पुस्तकं खिशाला परवडतात, आणि पोरगं पानं उलटत बसलं तरी मागून कोणी ढकलत नाही. मात्र मोठ्या प्रकाशकांची जी पुस्तकं तिथे दिसतात, त्यातली बरीचशी घरबसल्याही मागवता येतात.

दीक्षाभूमीवर मिळतं ते घरबसल्या सहजी मिळत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. आता दरवर्षी लाखो लोक येतात आणि परतताना पुस्तकं नेतात. या बाजाराला कोणी महोत्सव म्हणत नाही, फीत कापायलाही कोणी येत नाही. तरी फुले, शाहू, आंबेडकर, बुद्ध, दलित आत्मकथनं, बावीस प्रतिज्ञांच्या पातळ पुस्तिका, संविधानाच्या प्रती असं सगळं काही टेबलांवर, काही थेट ताडपत्रीवर मांडलेलं असतं. गावोगावचे छोटे प्रकाशक इथे भेटतात. कधी लेखक स्वतःच गठ्ठा घेऊन बसलेला असतो. स्वतःला अक्षरओळख नसलेली आजी नातवासाठी पुस्तक मागते, तेव्हा विक्रेता आधी नातू कितवीत आहे ते विचारतो. वाचनाचा प्रसार म्हणतात तो मला मांडवातल्या भाषणांपेक्षा इथे जास्त दिसला.

त्रासही इथेच जास्त. दसऱ्याच्या दिवशी चाळायला जागा नसते, आसपासचे रस्ते वाहनांना बंद, वर ऑक्टोबरचं ऊन. म्हणून आदल्या दिवशी सकाळी जा. गाडी घरी ठेवा, मेट्रोने रहाटे कॉलनीला उतरून पायी चला. सुट्टे पैसे ठेवा.

माझे हजारातले सातशे दीक्षाभूमीवर जातात, उरलेले पोरांच्या पुस्तकांसाठी नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवतो. आणि हो, कापडी पिशवी न्या. दोन जाड ग्रंथ घेतले की प्लास्टिकची पिशवी स्टेशनपर्यंत टिकत नाही.