टेकडीवरच्या रिपीटरमधला रास्पबेरी पाय: चौदा महिने वापरून

धुळ्याजवळच्या टेकडीवर आमच्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींचा दोन मीटर बँडचा रिपीटर आहे, म्हणजे आलेला सिग्नल परत जोरात प्रक्षेपित करणारं यंत्र. जुना कंट्रोलर काढून रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर एसव्हीएक्सलिंक हे रिपीटर चालवणारं सॉफ्टवेअर चढवलं. सॉफ्टवेअरने एकदाही दगा दिला नाही. दगा दिला विजेने, आणि एकदा मी.

पहिल्या चार महिन्यांत दोन एसडी कार्डं गेली. पावसाळ्यात लाइट जायची, यायची, परत जायची. लॉग (कामाच्या नोंदी) लिहिताना गेली की कार्डावरची फाइलसिस्टम खलास. मग राखणदाराचा फोन: "भाऊ, तुमनं यंत्र मुकं व्हई गयं." शेवटी बॅटरी लावली आणि ओव्हरले चालू केलं. आता कार्डावर काही लिहिलंच जात नाही, सगळं रॅममध्ये. रीबूटला लॉग पुसले जातात, म्हणून ते घरच्या पीसीवर पाठवतो. तिसरं कार्ड अजून ठणठणीत आहे. एक भानगड उरली होती: ट्रान्समिट सुरू झालं की बॅटरीवरून पायला वीज देणारा स्वस्तातला कन्व्हर्टर दबायचा. पायला ४.६३ व्होल्टच्या खाली कमी व्होल्टेजची तक्रार सुरू होते. कन्व्हर्टर बदलला, वायर जाड घेतली, विषय संपला.

पायमधला हार्डवेअर वॉचडॉग (राखण करणारा टायमर) लावाच. पंधरा सेकंदांत सिस्टमकडून हालचाल नाही, तर तो स्वतः रीबूट करतो.

सुरक्षेचं म्हणाल तर डीटीएमएफवर, म्हणजे रेडिओच्या बटणांच्या सुरांनी दिलेल्या आज्ञांवर, भरवसा ठेवू नका. हॅम बँडवर गुप्त काही चालत नाही. कोणीही ते सूर रेकॉर्ड करून परत वाजवेल. म्हणून रिपीटर बंद करायची आज्ञा हवेवर ठेवलीच नाही, ती फक्त वायरगार्डमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या कूटबद्ध खाजगी जोडणीतून (व्हीपीएन). टेकडीवरच्या सिम कार्डाला सार्वजनिक आयपी (बाहेरून गाठता येईल असा इंटरनेट पत्ता) नाही, त्यामुळे पायच घरी जोडणी करतो. दर २५ सेकंदांनी हाक गेली नाही तर वाट बंद होते. एसएसएचला (दुरून पायवर लॉगिन करायची सोय) पासवर्ड नाही, फक्त डिजिटल किल्ली.

आता माझा पराक्रम. मे महिन्यात अमळनेरहून घरबसल्या पायचा फायरवॉल कडक केला आणि वायरगार्डचाच पोर्ट उघडा ठेवायला विसरलो, जोडणीच तुटली. भर दुपारी मोटरसायकल काढली, टेकडी चढलो, वैतागून पायच्या सप्लायची वायर उपटली, परत लावली. सगळं सुरळीत! ओव्हरलेमुळे तो नियम रॅममध्येच होता, वायरबरोबर गेला. राखणदाराला एका फोनवर झालं असतं.

त्या वायरला आता लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे. कुठली उपटायची ते राखणदाराला पाठ आहे.