जुन्या कंबरदुखीसाठी थेरपी: सीबीटी घ्यावी की माइंडफुलनेस?

एमआरआय झाला, फिजिओ झाली, गोळ्या, तेल, पट्टा, गादी सगळं बदलून झालं आणि आता ऑर्थोवाले म्हणतायत एकदा सायकॉलॉजिस्टला भेटून या, अशा टप्प्यावर जे कुणी असतील त्यांच्यासाठी लिहितोय. मी दोन्ही केलंय, आधी माइंडफुलनेसचा कोर्स (श्वासाकडे, शरीराकडे शांतपणे लक्ष द्यायला शिकायचं) आणि नंतर सीबीटी (बोलून, वही भरून विचार आणि सवयी बदलायची थेरपी). दोन्हीतलं थोडं थोडं अजून चालू आहे, पण एकच सांग म्हणाल तर माझं उत्तर ठरलेलं आहे, ते ओघात येईलच.

त्याआधी एक गोष्ट, कारण घरोघरी गाडी तिथेच अडते. सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं म्हणजे तुमचं दुखणं खोटं आहे असं डॉक्टर म्हणत नाहीयेत. वेदनेवर संशोधन करणाऱ्या मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं की कमरेतून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही, मज्जारज्जूतच तो कमीजास्त होतो आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यात भर घालतात किंवा तो दाबतात. तीन महिन्यांच्या वर दुखणं टिकलं की भीती, अपुरी झोप, नोकरीचं टेन्शन हे सगळं त्या दुखण्यातच मिसळलेलं असतं. आणि रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' वाचून जी धास्ती बसते ना, तर चाळिशीतल्या अजिबात काही न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन काढले तरी साधारण निम्म्यांमध्ये बल्ज दिसतो. हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं मला फार मनापासून वाटतं. (पायातली ताकद जाणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, विनाकारण वजन उतरणं, यातलं काही असेल तर मात्र थेरपी बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा.)

आता मुद्द्याचं. कागदावर दोघांची बरोबरीच आहे. सिअॅटलला ३४२ कंबरदुखीवाल्यांवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये छापून आला, त्यात सहा महिन्यांनी रोजची कामं करण्यात नीट फरक पडलेले लोक माइंडफुलनेसच्या गटात ६०.५ टक्के, सीबीटीत ५७.७ आणि नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ४४.१. म्हणजे नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा दोन्ही बरे, आपापसात फरक नगण्य. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते, दोन्ही गटांत आठपैकी निदान सहा सेशनना हजर राहिलेले लोक निम्म्याहून थोडेच जास्त होते. तेव्हा कुठली थेरपी भारी यापेक्षा आपल्या घरात, आपल्या दिवसात कुठली टिकेल हे आधी बघावं.

आणि माझं माइंडफुलनेस तिथेच अडलं. कोर्स सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये तो सुरू केला तोच मुळी नेहमीच्या उपचारांनी ज्यांना फरक पडत नव्हता अशा पेशंटसाठी, त्यात जुनी दुखणीवाले पुष्कळ होते. पण त्यात रोजचा होमवर्क असतो पाऊण तासाचा. आडवं पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं, हलायचं नाही, झोपायचं नाही. आता वन बीएचकेमध्ये आईवडील, बायको, मुलं असताना पाऊण तास शांत जागा कुठून आणायची? सकाळी पाणी आणि डबे, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि टीव्ही, दार लावून घेतलं की पाच मिनिटांत आई शेकायची पिशवी घेऊन दारात, 'फार दुखतंय का रे?' तिचं काही चुकत नाही, मुलगा भरदिवसा आडवा पडलेला दिसल्यावर कुठलीही आई हेच करेल. पण ज्या दुखण्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला मी पडलेलो असायचो त्याचीच चौकशी सुरू व्हायची, मग बाबा, मग शेजारच्या काकू. रात्री सगळे झोपल्यावर करावं तर मलाच झोप लागायची. दिवस चुकला की हेही जमत नाही आपल्याला म्हणून वर आणखी एक ओझं. ज्यांची मुलं मोठी झालीत, घरात स्वतंत्र खोली आहे किंवा एकटे राहतात त्यांना ही अडचण येणारच नाही, त्यांनी माझं हे मत थोडं कमी धरावं.

बरेच जण म्हणतात मग सरळ इगतपुरीला जाऊन दहा दिवसांचं विपश्यना शिबिर कर ना. तो मार्ग वेगळा आहे असं मला वाटतं. ही शिबिरं सुरू करणारे गोयंका गुरुजी स्वतः १९५५ मध्ये मायग्रेनला कंटाळून ब्रह्मदेशातले विपश्यनेचे गुरू ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते आणि तेव्हा त्यांना हेच ऐकायला मिळालं होतं की फक्त डोकेदुखी घालवायला ही विद्या घेऊ नकोस. श्रद्धेने जरूर जावं, पण कंबरदुखीचा उपचार म्हणून नको.

तर माझं उत्तर सीबीटी. तिच्यात मला काय मिळालं तर मुख्य म्हणजे पेसिंग, म्हणजे वेळ ठरवून बेताबेताने काम करणं. लोकांना वाटतं तिथे फक्त विचार बदलायला शिकवतात, तेही असतंच, 'आता हे कधीच बरं होणार नाही, नोकरी जाणार' हा विचार पकडून तो कितपत खरा आहे ते तपासायचं. याच जातीची, अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे बऱ्यापैकी माहितीची आहे, मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली तेव्हापासून मराठीतून यावर खूप बोललं-लिहिलं गेलंय, त्यामुळे ते फार परकं वाटत नाही. पण पेसिंग मला नवीन होतं. दुखणाऱ्या माणसाचं काय होतं, बरं वाटलं त्या दिवशी माळा आवरणार, बाजार करणार, आणि पुढचे चार दिवस अंथरुणात, म्हणजे पगार झाला त्याच दिवशी सगळा उडवल्यासारखं. पेसिंगमध्ये दुखेपर्यंत करत राहायचं नाही, घड्याळ सांगेल तिथे थांबायचं. खुर्चीत किती वेळ बसलं की कळ सुरू होते ते आधी काही दिवस बघायचं, त्याच्या थोडं अलीकडची वेळ धरायची, तेवढं झालं की उठायचं, दुखत असो वा नसो. वाईट दिवशीही तेवढं करायचंच आणि चांगल्या दिवशी त्याहून जास्त करायचं नाही, हे दुसरं फार अवघड जातं. मग हळूहळू वेळ वाढवायची. यासाठी खोली लागत नाही, शांतता लागत नाही, ऑफिसात होतं, लोकलमध्ये होतं, आणि घरच्यांना एकदा नीट समजावलं की तेच आठवण करतात. आमच्या आईने आता शेकायची पिशवी सोडून मोबाइलचा टायमर हातात घेतलाय.

सीबीटीत कटकट नाही असं नाही. वही भरावी लागते, कंटाळा येतो. फी शहरागणिक आणि माणसागणिक बदलते आणि साध्या मेडिक्लेममध्ये ओपीडीची सेशन्स सहसा येत नाहीत, हे खर्चाच्या हिशोबात आधीच धरा. दुखणं माझं गेलेलं नाही, पण त्याच्या धाकाने मी लग्नाकार्याला, प्रवासाला नाही म्हणायचो ते जवळपास थांबलंय, आणि माझ्या लेखी हा फरक मोठा आहे.

माइंडफुलनेसमधलंही एक मी धरून ठेवलंय. कळ आली की दोनतीन मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायचं, कळ किती आणि तिच्याबरोबर आलेली भीती किती हे वेगवेगळं कळायला लागतं. ज्यांचा त्रास मुख्यतः रात्रीचा आहे, झोप उडालेली आहे, विचारांशी वाद घालायचा ज्यांना वीट आलाय, त्यांना कदाचित तोच कोर्स जास्त लागू पडेल. चूभूद्याघ्या.

सीबीटीकडे वळलात तर फोनवरच दोन प्रश्न विचारा, जुन्या दुखण्याच्या पेशंटबरोबर काम केलंय का आणि पेसिंग करून घेता का. दुसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा थेरपिस्ट बघा. आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या सेशनला घरातल्या एकाला तरी बरोबर घेऊन जा.