हिंगणघाट तालुक्यातील खेड्यात दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी: दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून बरेच आत असलेल्या आमच्या गावी, मार्च २०२४ मध्ये आम्ही घरातील एका खोलीत दीड टनाचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर (म्हणजे गरजेनुसार वेग कमी-जास्त करणारा) स्प्लिट एसी बसवला. तेव्हापासून दोन उन्हाळे, दोन पावसाळे आणि ऑक्टोबरचे दोन उकाडे या यंत्राने पाहिले. शहरातील फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे अनुभव वाचून आमच्यासारख्यांच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण खेड्यात एसी कसा चालेल हे त्याच्यावरील वीजबचतीच्या ताऱ्यांपेक्षा गावच्या डीपीवरील (ट्रान्सफॉर्मरवरील) व्होल्टेज, डोक्यावरील छत आणि बोलावल्यावर येणारा मेकॅनिक यांवर जास्त अवलंबून असते. म्हणून खोक्यावर न छापलेल्या गोष्टीच मी येथे विस्ताराने लिहिणार आहे.

विदर्भात कूलर असताना एसी कशाला, हा प्रश्न घरात आधी वडिलांनीच विचारला होता आणि तो रास्त होता. एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या हवेत कूलरसारखे स्वस्त आणि चांगले साधन नाही. बाहेर ४५ अंश तापमान आणि १५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल, तर ताट्यांमधील गवत नीट भिजलेल्या कूलरमधून २८ ते ३० अंशांची हवा मिळू शकते. पण त्या हवेला पाणी लागते. मे महिन्यात मोठ्या लोखंडी कूलरला दिवसाकाठी शंभर लिटरहून अधिक पाणी सहज जाते आणि नळाला दिवसाआड, कधी त्याहून उशिरा पाणी येणाऱ्या गावात हे पाणी कोणी आणायचे, हा प्रश्न प्रत्येक घरातील बायकांच्या डोक्यावर येऊन पडतो. शिवाय मृग लागला की कूलरचे काम संपते. जुलैमध्ये ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असताना पाण्याचे बाष्पीभवनच नीट होत नाही, कूलर हवा जेमतेम तीन अंशांनी उतरवतो आणि उलट अंथरुण-पांघरुण ओले लागू लागते. गेल्या मे महिन्यात अवकाळी पाऊस येऊन गेला तेव्हा ही चिकचिक भर उन्हाळ्यातच सुरू झाली. माझ्या मते विदर्भातील एसीची खरी किंमत मे महिन्याच्या दुपारी नव्हे, तर जून ते ऑक्टोबरच्या दमट रात्री कळते.

हा फरक एसीच्या ड्रेन पाइपखाली ठेवलेल्या बादलीत स्पष्ट दिसतो. मे महिन्यात यंत्र रात्रभर चालूनही बादलीच्या तळाशी पाणी जेमतेम साचते, तर जुलैच्या रात्री तीच बादली सकाळी काठोकाठ भरलेली असते. ते सगळे पाणी खोलीतील हवेतून निघालेले असते आणि तेवढे पाणी हवेत राहिले असते तर झोप लागली नसती.

कोणता प्रकार घ्यावा, यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. विंडो एसीला खिडकीचे मोठे भगदाड लागते आणि त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. एका नळीचा चाकांवरील पोर्टेबल एसी खोलीतील हवाच नळीतून बाहेर फेकतो, त्यामुळे तेवढीच तापलेली हवा दाराखालच्या फटीतून आणि खिडकीच्या झडपांतून आत ओढली जाते. गावाकडच्या दारे-खिडक्यांना फटी भरपूर असल्याने तो पर्याय तेथेच बाद झाला. स्प्लिटसाठी भिंतीला मनगटाएवढे एक छिद्र पुरते.

टन ठरवताना मात्र काळजी घ्यावी लागते. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), अर्थात सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता, आणि ही क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. आमच्याकडे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच पारा चाळिशी ओलांडतो. तापमान वाढेल तशी यंत्राची थंड करण्याची क्षमता घटते आणि वीज मात्र जास्त लागते. ताऱ्यांमागील हिशेबही २४ ते ४३ अंशांच्या बाहेरील तापमानावर आणि वर्षाला १,६०० तास वापरावर बेतलेला असतो. वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आपण त्या हिशेबाच्या बाहेर असतो. म्हणून दुकानात तारे मोजून झाल्यावर माहितीपत्रकात ४६ किंवा ४८ अंशांना क्षमता किती उरते, हे लिहिले आहे का ते पाहावे आणि लिहिले नसेल तर विचारावे. आमची खोली दहा बाय चौदाची आणि थेट स्लॅबखालची आहे. पुण्यात तेवढ्या खोलीला एक टन पुरला असता, येथे दीड टनच योग्य ठरला.

आता व्होल्टेजविषयी, कारण गावात सगळे घोडे येथेच अडते. आमच्या गावठाण फीडरवर (गावाला वीज पुरवणाऱ्या लाइनवर) उन्हाळ्यात संध्याकाळी सात ते दहा या वेळेत घरोघरचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज १७० ते १८० पर्यंत उतरते आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा २१० च्या पुढे चढते. एसीच्या खोक्यावर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की ठरावीक मर्यादेत व्होल्टेज असेपर्यंत यंत्र चालत राहील. व्होल्टेज त्याखाली गेले तर ते बंद पडते आणि एकदम वर गेले तर आतील पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी) जळण्याचा धोका असतो. खेड्यात वादळाने तारा हलून न्यूट्रल तुटला, तर सिंगल फेजच्या घरात तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकते. त्यामुळे १३० ते ३०० व्होल्टच्या मर्यादेत काम करणारा, व्होल्टेज वाढताच पुरवठा तोडणारा आणि वीज परत आल्यावर तीन मिनिटे थांबून चालू होणारा चार केव्हीएचा स्टॅबिलायझर आम्ही पहिल्या दिवसापासून लावला. वीज जाणे-येणे चालू असते तेव्हा ही तीन मिनिटे फार मोलाची असतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवतो म्हणजे वीज निर्माण करत नाही, तर तारेतून तेवढा जास्त अँपिअर ओढतो. दीड किलोवॅट खेचणारे यंत्र २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर घेत असेल, तर १७० व्होल्टला तेच नऊ अँपिअरच्या घरात जाते. घरातील जुन्या वायरिंगवरून, पंख्याच्या बोर्डातून फाटा काढून हा भार चालवणे धोक्याचे आहे. मेन बोर्डापासून एसीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, त्यावर स्वतंत्र एमसीबी (भार वाढताच आपोआप पडणारा स्विच) आणि कोळसा-मीठ घालून नीट केलेले अर्थिंग या तीन गोष्टी आधी करून घ्याव्यात आणि मगच दुकानात जावे. मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे तो वाढवून घेण्याचा अर्जही त्याच वेळी करावा. स्टॅबिलायझर, वायर, अर्थिंग, लोखंडी स्टँड आणि जादा तांब्याचा पाइप मिळून आम्हाला यंत्राच्या किमतीच्या पाचव्या भागाहून अधिक खर्च आला. तो हिशेबात आधीच धरलेला बरा.

छताचे म्हणाल, तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो आणि एसी खोलीशी नव्हे, त्या स्लॅबशी झुंजत बसतो. पहिल्या वर्षी आम्ही गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले आणि मे लागताच त्यावर पराट्या (कपाशीची वाळलेली झाडे) पसरून वरून बांबूचे तट्टे टाकले. ही आमच्या भागाची जुनीच रीत आहे. त्याआधी पलंगावर झोपल्या झोपल्या चेहऱ्याला छताची झळ जाणवत असे, ती नंतर जाणवली नाही आणि यंत्र लवकर मंदावू लागले. वाळलेल्या पराट्यांना आगीचे भय असते, म्हणून दुसऱ्या वर्षी त्या काढून उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग दिला. कवेलू (कौले) किंवा टिनांच्या खोलीत एसी बसवायचा असेल, तर खाली फॉल्स सीलिंग केल्याशिवाय बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवणीच्या दिवशी स्वतः जवळ उभे राहावे. आतले आणि बाहेरचे अशी दोन युनिट जोडल्यानंतर पाइपांमधील हवा आणि ओलावा व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायचा असतो आणि मगच गॅस सोडायचा असतो. आमच्याकडे आलेला माणूस पंप न आणताच आला होता. ‘काही होत नाही जी, गॅसनंच हवा काढून टाकतो,’ असे तो म्हणाला. आम्ही काम थांबवले आणि पंप आल्यावरच पुढे जाऊ दिले. तरीही पहिल्याच पावसाळ्यात थंडावा कमी झाला. आउटडोअर युनिटजवळच्या बारीक पाइपवर पांढरा बर्फ धरू लागला होता आणि पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटभोवती तेलकट डाग पडून त्यावर धूळ चिकटली होती. साबणाचा फेस लावताच नटाच्या कडेने बारीक बुडबुडे उठू लागले. कंपनीच्या सेवा केंद्रात तक्रार नोंदवून दोन आठवडे उलटले तरी कोणी फिरकले नाही आणि ऐन दमट दिवसांत यंत्र बंद ठेवावे लागले. शेवटी आलेल्या मेकॅनिकने पाइपचे तोंड नव्याने फुलवून नट बसवला, व्हॅक्यूम केला आणि काट्यावर वजन करून आर-३२ गॅस भरला. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत, पण तो पैसा महिनाभरात हवेत जातो. ब्रँड निवडताना मी जाहिरातीपेक्षा एकच गोष्ट पाहायला सांगेन: त्या कंपनीचा माणूस तुमच्या तालुक्याच्या गावी राहतो की नागपूरहून येतो.

आउटडोअर युनिट आम्ही उत्तरेच्या भिंतीवर, उन्हापासून दूर आणि जमिनीपासून वर बसवले. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतर ऊन आणि भिंतीची झळ दोन्ही मिळाली असती. खेड्यात या युनिटचा मोठा शत्रू म्हणजे कुटार, अर्थात पिकाचा भुसा. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या खळ्यात सोयाबीनची मळणी झाली, तेव्हा मागच्या बाजूच्या बारीक पात्यांवर भुसा बसून अक्षरशः नमदा तयार झाला होता आणि हाताने तो सोलून निघाला. त्यानंतर वीज बंद करून हलक्या धारेने पाण्याने धुतले. जोराची धार मारू नये, कारण ॲल्युमिनियमची पाती लगेच वाकतात. कापूस घरात येतो त्या दिवसांत आतील फिल्टरवरही तंतूंचा थर बसतो, म्हणून तो आठवड्याला धुवावा. वानरांनी उड्या मारून पाइपचे काळे आवरण फाडले होते, त्यावर आता पीव्हीसीचा मोठा पाइप चढवला आहे. वायर आत जाते तेथील फटही बुजवून घ्यावी, कारण पाल आत शिरून पीसीबीवर शॉर्ट झाल्याचे प्रकार मेकॅनिक लोक नेहमी सांगतात.

विजेच्या खर्चासाठी आम्ही एसीला वेगळा सब-मीटर लावला आहे. मे महिन्यात रात्री नऊ ते पहाटे सहा या वेळेत सहा ते सात युनिट जातात, पावसाळ्यात तीन ते चार. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीत मूळ सेटिंग २४ अंशांचे असते, पण आम्ही २६ किंवा २७ ठेवून वरचा पंखा मंद चालवतो आणि आई-वडिलांना तेच मानवते. बिलाचे टप्पे १०० युनिट, ३०० युनिट आणि ५०० युनिट असे असल्याने एसीचे युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यात मोजले जातात, हे ध्यानात ठेवावे. म्हणूनच मे महिन्याच्या दिवसा पाणी असेल तर आम्ही अजूनही ओसरीवर कूलरच चालवतो. मात्र एसीच्या खोलीत कूलर कधीही लावू नये, कारण कूलर बाहेरची हवा ओली करून आत आणतो आणि एसीला तीच ओल पुन्हा काढावी लागते.

वडिलांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि त्यांना पूर्वी उन्हाळ्यात दोनदा ऊन लागले होते. या दोन्ही उन्हाळ्यांत त्यांची झोप आणि रक्तदाब दोन्ही ठीक राहिले, हे माझ्या दृष्टीने या खरेदीचे सर्वांत मोठे फळ आहे. कोरड्या मे महिन्यात एसीने त्यांचे नाक व घसा सुकत असे, त्यावर खोलीत पाण्याचे पसरट गंज (पातेली) भरून ठेवण्याचा उपाय पुरला.

आम्ही घेतला तेव्हा एसीवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाल्याने आता घेणाऱ्यांचे तेवढे पैसे वाचतील आणि ते स्टॅबिलायझर व अर्थिंगवर खर्च करावेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. आम्ही त्याचा विचार करत आहोत. पण बॅटरीशिवायचा ग्रिडला जोडलेला संच लाइन गेली की स्वतःही बंद होतो, त्यामुळे वीज नसताना त्यावर एसी चालेल अशी आशा धरू नये.

हिवाळ्यात यंत्र बंद करताना तासभर नुसत्या पंख्यावर चालवून आतील ओल सुकवावी, स्टॅबिलायझरचा प्लग काढावा आणि आउटडोअर युनिटला फक्त वरून टिनाचे झाकण द्यावे. प्लॅस्टिकच्या पोत्यात ते पूर्ण गुंडाळले तर आत उंदीर घर करतात आणि फेब्रुवारीत वायरी कुरतडलेल्या सापडतात.